शंभर रुपयांची कपात

बाबूजी, दवनीवाडेवाली काल सकाळी गेली. मागच्या खोलीत, तिच्याच खाटेवर, कोणाला फारसा त्रास न देता. तिला नेल्यावर घर सारवून घेतलं, अंघोळ केली, आणि आज तुमच्या मेजाशी येऊन बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाजही आता मला नीट आठवत नाही. खोकला तेवढा आठवतो. तिच्याबद्दल बोलावं असं या घरात कोणी उरलेलं नाही, आणि जे बोलायचं आहे ते तुमच्याशीच आहे. सुरुवातीला चांगली रागावून लिहायला बसले होते. तो राग वीस वर्षांहून जास्त जपलेला, लोणच्यासारखा मुरलेला. पण कालपासून त्याचं काय करावं ते कळेनासं झालं आहे.

पहिली लढाई चालू होती तेव्हाचा आमगावचा बाजार तुम्हाला आठवत असेलच. विसरला असतात तर पुढचं काही झालंच नसतं. मी नुकतीच विधवा होऊन तुमच्या घरी परत आले होते. सासरी न्हाव्याला बोलावणं जायच्या आत तुम्ही मला टांग्यात घालून आणलंत, आणि घरात मला एकटीला बसवायचं नाही म्हणून जाल तिथे बरोबर नेत होतात. त्या दिवशी तहसीलदाराने तुम्हाला बैलगाडीवर उभं केलं. सरकारला मजूर पलटणीसाठी माणसं हवी होती, आणि गोंदियाच्या वकीलसाहेबांचा शब्द या भागात चालतो हे तहसीलदाराला पक्कं ठाऊक होतं. तुम्ही म्हणालात, बंदूक धरायची नाही, फावडं धरायचं आहे. रस्ते बांधायचे, ओझी उचलायची आणि परत यायचं. मागे बायकामुलं आहेत त्यांची काळजी मी घेईन. तांदळाच्या पोत्यांमागे उभी राहून मी ऐकत होते. मला तुमचा फार अभिमान वाटला होता, हे आज लिहायला जड जातं. त्या बाजारातून जे गेले त्यांत दवनीवाड्याचा एक उंच माणूस होता. तळ्याची पाळ बांधावी तर त्याने, असं त्याचं नाव होतं. तो समुद्रापार बसऱ्याला गेला. लढाई संपली, इतर माणसं एकेक करून आली, कोणी बूट घेऊन, कोणी ताप घेऊन. तो आला नाही.

मग त्याची बायको आपल्या ओसरीवर येऊन बसू लागली. आधी आठवडी बाजाराच्या दिवशी, मग एक दिवसाआड. रडत नसे, भांडत नसे. नुसती बसून असे. शेवटी मीच तिला म्हटलं, नुसती कशाला बसतेस, तांदूळ तरी निवड. तेव्हापासून ती स्वयंपाकघरात आली ती कालपर्यंत. तिचं दुःख काय होतं ते मला सांगावं लागलं नाही. तिच्या जातीत विधवेचा पाट लागतो. नवऱ्याचा धाकटा भाऊ, तिचा दीर, तिला घरात घ्यायला तयार होता. माणूस बरा होता, तीही नाही म्हणत नव्हती. पण पंच म्हणत, भाऊ मेला असं सरकारनं सांगू दे, मग पाट लावू. जिवंत माणसाच्या बायकोचा पाट कसा लावायचा? आणि सरकार काही सांगत नव्हतं. मी चुलीवर लाखोळीचं वरण ढवळायची, ती समोर सूप घेऊन पाखडायची, आणि मला वाटायचं, काय जोडी आहे! मी विधवा आहे हे साऱ्या गावाला ठाऊक, पण दुसऱ्या लग्नाची सोय नाही. हिची सोय आहे, पण ही विधवा आहे की नाही हेच कोणाला ठाऊक नाही. आम्ही दोघी कधीकधी यावर हसायचो सुद्धा. चुलीवरचं करपायची भीती नसती तर आणखी हसलो असतो.

एकदा तिने विचारलं, "आज तरी काई खबर हाय का जी, बाई?" आणि मी सहज म्हणून गेले, "येईल गं, दिवाळीपर्यंत नक्की येईल." तुम्ही न्हाणीपाशी हात धूत होतात. तिच्यासमोरच तुम्ही मला विचारलंत, "तुला कोणी सांगितलं?" तुम्ही म्हणालात, "जे आपल्याला ठाऊक नाही ते सांगायचं नाही. दया आली म्हणून तर मुळीच नाही." तुम्ही मला मारलं असतंत तरी इतकं लागलं नसतं. ती मात्र सूप थांबवून तुमच्याकडे बघत राहिली, आणि नंतर मला म्हणाली, "बाबूजीनं खबर आनली त खरीच असन." मला वाटतं, त्या दिवसापासून तिने दुसऱ्या कोणाला विचारणं सोडून दिलं.

तुम्ही दिल्लीच्या कायदेमंडळात निवडून गेलात ते लोकांना वाटलं वकिलीला कंटाळून. मला ठाऊक होतं कशासाठी ते. पहिल्याच बैठकीत तुम्ही प्रश्नाची नोटीस दिलीत: या भागातून मजूर पलटणीत किती माणसं नेली, किती परतली, आणि जी परतली नाहीत त्यांच्या घरच्यांना काय कळवलं. उत्तराची वाट बघण्यात किती महिने गेले. उत्तर आलं तेव्हा तुम्ही घरीच होतात. कागद घेऊन स्वयंपाकघरात आलात, पाटावर बसलात, आणि मराठीत करून तिला वाचून दाखवलंत. ही माहिती गोळा करायला जे श्रम आणि जो वेळ लागेल, तो तिच्यापासून होणाऱ्या फायद्याच्या मानाने फार होईल, असं सरकारला वाटतं. सरकारला त्याबद्दल खेद आहे.

"म्हंजे माहा मानूस हाय का नाही जी?" तिने विचारलं.

"त्यांनी शोधलंच नाही."

"काऊन नाही शोधलं?"

"शोधायला मेहनत फार पडेल म्हणतात."

तिने हातातले तांदूळ सुपात सोडले. मग म्हणाली, "नेताना त मेहनत नाही पडली." आणि परत तांदूळ निवडायला लागली. तुमचं त्या दिवशी जेवणाकडे लक्ष नव्हतं. मी दोनदा भात वाढला तो दोन्ही वेळा तसाच राहिला.

पुढच्या अंदाजपत्रकाच्या वेळी तुम्ही मलाही दिल्लीला नेलंत. आगगाडीत तुम्ही मला सगळं समजावून सांगत होतात. देशाच्या पैशातला केवढा तरी वाटा लष्करावर जातो, पण त्यातली एक पैही कायदेमंडळाच्या मतास टाकत नाहीत. मतास येतो तो फक्त लष्कर खात्याच्या दिल्लीतल्या कचेरीचा खर्च. म्हणून सभासदांनी एक रीत काढली आहे: त्या कचेरीच्या खर्चात शंभर रुपयांची कपात सुचवायची आणि तेवढ्या निमित्ताने सगळ्या लष्कराबद्दल जाब विचारायचा. मी म्हटलं, "म्हणजे एवढा आटापिटा करून तुम्ही त्यांच्या शाईचे पैसे कापणार?" तुम्ही हसलात. "शाईच तर कापायची आहे," म्हणालात. बाबूजी, तुम्ही इतके मोकळे हसलेले मी नंतर पाहिल्याचं आठवत नाही.

अजून डोळ्यांपुढे आहे: सभागृहात मी वर प्रेक्षकांत बसले आहे. खाली तुम्ही उभे आहात, काळा कोट, डोक्याला पागोटं, हातात कागद आहे पण त्यात बघत नाही. समोर लष्कर खात्याचा साहेब पायावर पाय टाकून बसला आहे. तुम्ही म्हणता, मला शंभर रुपये नकोत, मला एक शब्द हवा आहे. माझ्या भागातल्या त्या बायका विधवा आहेत की सधवा, एवढंच सरकारनं सांगावं. साहेब मान खाली घालून काहीतरी लिहितो. मग तुम्ही तिचं वाक्य इंग्रजीत म्हणता, की ही माणसं शोधण्याची मेहनत सरकारला परवडत नाही, नेण्याची मात्र परवडली. सगळीकडून बाकं वाजतात. आपल्या चुलीपुढचं वाक्य दिल्लीत येऊन इतकं मोठं होईल असं मला वाटलं नव्हतं. साहेब उठला, लांबलचक बोलला, पण ताकास तूर लागू दिली नाही. मग मतं झाली, आणि सरकार हरलं. लोक तुमचे हात हातात घेत होते. मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

बिऱ्हाडी आल्यावर मी विचारलं, आता ते सांगतील ना? तुम्ही पागोटं काढून ठेवलंत आणि म्हणालात, "लाटसाहेब उद्या एक सही करतील आणि ते शंभर रुपये परत जागच्या जागी जातील." मी म्हटलं, मग सभेने जिंकलं ते काय? "त्यांना लाज वाटावी एवढंच," तुम्ही म्हणालात. त्यांना ती वाटली की नाही, हे काही आपल्याला कळवण्यात आलं नाही.

गोंदियाच्या स्टेशनवर मात्र कोणाला हे ठाऊक नव्हतं. बातमी आपल्या आधी पोचली होती. तांदळाचे व्यापारी, कोर्टातली मंडळी, बँड, झेंडूचे हार. "वकीलसाहबने फौज को हरा दिया," असं एक हलवाई दुसऱ्याला सांगत होता. आणि दोनच दिवसांनी दवनीवाड्याचे पंच नारळ घेऊन आले, सोबत तिचा दीर, धुतलेला सदरा घालून. ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली. पाट याच आठवड्यात लावायचा ठरवला होता, तुम्हाला आमंत्रण करायला आले होते.

"निकाल आला का?" तुम्ही चमकून विचारलंत.

"आता आनखीन कोन्ता निकाल जी?" म्हातारे पंच म्हणाले. "तुमी सरकारवर दावा लावला. थो जितले तुमी. सारा बजार सांगून राहिला. आमच्या बाजूनं डिगरी झाली, म्हंजे पोरगी मोकळी झाली."

त्यांचं काय चुकलं, सांगा? जन्मभर त्यांनी तुम्हाला कोर्टातच पाहिलं होतं. तिथे तुम्ही उभे राहता, दोन्ही बाजू बोलतात, एक जिंकते, आणि जिंकली तिचं म्हणणं खरं ठरतं. शेताची हद्द अशीच ठरते. जिंकूनही काहीच ठरत नाही अशी कचेरी त्यांच्या ऐकिवात नव्हती. मी दाराआड तिच्या शेजारी उभी होते. तिने माझा हात धरला होता. तुम्हाला फक्त नारळ घ्यायचा होता, बाबूजी. एक शब्दही बोलायची गरज नव्हती. आमंत्रण घेतलं असतंत, तब्येतीचं निमित्त सांगून गेला नसतात, तरी चाललं असतं.

तुम्ही नारळ घेतला नाही. तुम्ही त्यांना सगळं समजावून सांगत बसलात, कपात म्हणजे काय, सही म्हणजे काय. "ही डिक्री नाही. तो मेला असं कोणीही म्हटलेलं नाही. मला ठाऊक नाही, आणि जे मला ठाऊक नाही ते माझ्या नावावर ठरवू नका." दीर तुमच्या तोंडाकडे बघत होता. तो एवढंच म्हणाला, "मंग जितले कायले जी?" पंच उठले. नारळ ओसरीवर तसाच राहिला. तिने माझा हात सोडला आणि चुलीकडे गेली, कारण भात लागायला आला होता.

मी तुमच्याशी किती दिवस बोलले नाही ते तुम्हालाच ठाऊक. बोलले तेव्हा म्हटलं, सरकारने तिला उत्तर दिलं नाही आणि तुम्हीही दिलं नाहीत, मग फरक काय राहिला? तुम्ही म्हणालात, "त्यांना माहीत करून घेता येत होतं. मला येत नव्हतं." मला ते तेव्हा पटलं नाही. आजही पुरतं पटत नाही. दिराने दोन पावसाळे वाट बघून दुसरी बायको केली. ही हातात बांगड्या आणि कपाळावर कुंकू घेऊन आपल्या चुलीपाशी म्हातारी झाली. तुम्हाला तिने कधी दोष दिला नाही. एकदाच मला म्हणाली, "बाबूजी लगीत खरे मानूस हायेत. थ्याइच्या खऱ्याचा तरास आपल्यालेच होते." हे तुम्हाला मी तेव्हा सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असंही नाही.

पुढच्या निवडणुकीला तुम्ही उभे राहिला नाहीत. संध्याकाळी फिरायला म्हणून निघायचात आणि नागपूरकडची गाडी यायच्या वेळी बरोबर फलाटावर असायचात. लोक म्हणत, वकीलसाहेबांना दिल्ली करमत होती, आता चुकल्याचुकल्यासारखं होतं. खाकी कोट घातलेला कोणी उंच माणूस उतरला की तुम्ही दोन पावलं पुढे जात असायचात, हे मला हमालाने तुमच्यामागे सांगितलं. दुसऱ्या लढाईत आमगावच्या बाजारात परत भरती झाली. बैलगाडीवर उभं राहणारा दुसरा कोणीतरी मिळाला. मी बाजाराला जाणं सोडलं होतं.

आता राज्य आपलं आहे. वर्तमानपत्रात आहे की लष्कराचा खर्चसुद्धा आता आपलेच लोक मतास टाकणार म्हणे, सगळाच्या सगळा. वाचून मला आनंद व्हायला हवा होता. तुम्ही असतात तर चष्मा पुसून तो मजकूर दोनदा वाचला असतात. मी फक्त एवढाच विचार केला की आता कोणी उभं राहिलं आणि बसऱ्याच्या माणसांचं विचारलं, तर आपला माणूस काय उत्तर देईल. श्रम आणि वेळ फार लागेल, असंच म्हणेल ना? आता तर जास्तच लागेल.

कालचं सांगते. दवनीवाड्याहून दीर आला, सोबत त्याची सून. धान कापणीचे दिवस, तरी सगळं टाकून आले. बायका तिला न्हाऊ घालत होत्या आणि मध्येच थांबल्या. सून माझ्याकडे आली. "बाई, तुमीच सांगा जी. हिले हिरवं नेसवाचं का पांढरं?" सवाशीण गेली तर हिरवं लुगडं, बांगड्या, मळवट, नाहीतर सगळं उतरवायचं. खोलीतल्या साऱ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. दीर दारात उभा होता, डोळ्यांनी अधू, काठी धरून. तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात ते मला शब्दन् शब्द ठाऊक आहे. मला ठाऊक नाही, असं म्हणाला असतात. आणि त्या बायका तशाच हात आखडून बसल्या असत्या, आणि ती तशीच, ओली, उघडी.

मी म्हटलं, हिरवं. आवाज जराही कापला नाही. दुकानातून लुगडं आणवलं, कोपरापर्यंत बांगड्या भरल्या. इतकी नटलेली मी तिला जन्मात पाहिली नव्हती. जे तुम्ही केलं नाहीत ते मी केलं, आणि मला बरं वाटलं. इथवर मी तुमच्यावर मात केली होती, बाबूजी.

हे पत्र तुमच्या मेजाच्या खणात राहील, दुसरीकडे कुठे टाकायचं? पण एक गोष्ट लिहायची मघापासून टाळते आहे. तिला पोचवून आल्यावर दीर ओसरीवर बसला होता. मी त्याला पाणी दिलं. तो म्हणाला, "म्हंजे भाऊ हाय." मी रिकामा पेला उचलला. "दिल्लीवरून कागद आला असन नं जी, बाई? आता त आपलंच राज हाय. आता सांगत असन." त्याचे ते पांढुरके डोळे माझ्या तोंडाच्या दिशेने लागले होते. मी मान हलवली. त्याला दिसणार नाही असं वाटून परत हो म्हटलं. त्याने काठी भिंतीला टेकवून ठेवली. मग सुनेला म्हणाला, तू जा, मी दोन दिवस इथंच राहतो. आणि मला त्याने विचारलं, नागपूरकडची गाडी कोणत्या टायमाले येते.

मी त्याला वेळ सांगितली. मला ती तोंडपाठ होती.